पंपहाऊसच्या दारातली वीणा

‘‘वीणा खाली ठेवा आणि बाहेर या,’’ फौजदार धुमाळ म्हणाले.

‘‘खाली ठेवता येत नाही,’’ अण्णा म्हणाले.

‘‘मग वर ठेवा. त्या खुंटीला टांगा.’’

‘‘टांगताही येत नाही.’’

‘‘अहो, मग करता काय येतं?’’

‘‘उभं राहता येतं,’’ असं म्हणून अण्णांनी डोळे मिटले आणि परत ‘रामकृष्णहरी’ धरलं.

मी शेजारी टाळ घेऊन उभी होते. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण आम्ही ज्या दारात उभे होतो ते देवळाचं दार नव्हतं, नगरपालिकेच्या पंपहाऊसचं होतं.

आमच्या टाकीच्या टेकडीवर देऊळ असं नाहीच. फार पूर्वी पंपावरच्या कामगारांनी मशीनघराच्या भिंतीत, दाराला लागून एक कोनाडा करून त्यात विठोबा बसवला. रात्रपाळीला सोबत म्हणून. पुढे टेकडीवर वस्ती वाढली आणि दारापुढच्या ओसरीत दरवर्षी सप्ताह बसू लागला. सात दिवस वीणा अखंड. ती जमिनीला टेकत नाही, कोनाड्यासमोरून हलत नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. आमच्याकडे बायकाही पहारा देतात. मी वस्तीत खानावळ चालवत असे, त्यामुळे सगळी ताटं उठल्यानंतरचा दुपारचा पहारा माझा. रात्रीचं कीर्तन मात्र मी कधी चुकवलं नाही. भाकरीचं पीठ हातावर वाळलेलं असायचं, पण बुवा उभे राहिले की मी पहिल्या रांगेत. एखाद्या बुवांनी आख्यानात असा काही सूर लावावा, की घरी गेल्यावर परातीत पाणी घालायचं विसरून जावं.

त्या वर्षी सप्ताहाच्या आधी नगरपालिकेनं ठराव केला. पंपहाऊस, टाकी आणि सगळे नळ एका कंपनीला तीस वर्षांसाठी. सभागृहात गोंधळ चालू असतानाच ‘मंजूर, मंजूर’ झालं. कारण काय, तर पंप दुरुस्त करायला पालिकेकडे पैसा नाही. आदल्याच वर्षी चौकात गाण्यावर नाचणारं कारंजं बसवलं होतं. ते उद्घाटनाच्या दिवशी नाचलं आणि नंतर त्यात शेळ्या बसायला लागल्या. कंपनी आली की वस्तीतले सार्वजनिक नळ बंद होणार, ज्याला मीटर परवडेल त्यानं पाणी घ्यायचं. टेकडीवर मीटर परवडेल अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझी खानावळ तर त्या कोपऱ्यावरच्या नळावरच चालायची.

आम्ही मोर्चे काढले, निवेदनं दिली, आणि शेवटी यास्मिन वकिलांनी खंडपीठात दावा लावला. सुनावणी सप्ताहाच्या सहाव्या दिवशी आली. निघताना त्या अण्णांना आणि मला म्हणाल्या, ‘‘एकच सांभाळा. सुनावणीआधी कंपनीला ताबा मिळाला, तर स्थगिती मिळूनही उपयोग नाही. ताबापावतीवर मुख्याधिकाऱ्यांची सही होता कामा नये. आणि काका, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. एक दगड पडला तरी मी कोर्टात तोंड दाखवू शकणार नाही.’’

अण्णा वाघचौरे म्हणजे सायकलच्या दुकानाचे मालक आणि आमच्या सप्ताहाचे विणेकरी. ते म्हणाले, ‘‘दगड कशाला लागतो, पोरी? आपल्याकडे वीणा आहे.’’

आणि तो सहावा दिवस होता. सकाळीच पोलीस आले. जमावबंदी, पाच माणसं जमायची नाहीत. टेकडीवरची सगळी माणसं, मृदंगवाल्यासकट, गेटबाहेर काढली. कुणी कुणाला हात लावला नाही. ओसरीवर राहिलो अण्णा आणि मी. अण्णांना हलवायचं तर वीणेला हात लावावा लागणार, आणि मला हलवायला महिला पोलीस लागणार. ती आणायचीच धुमाळ विसरले होते.

पांढरी जीप आली. मुख्याधिकारी पाटणकर उतरले, आणि त्यांच्यामागून कंपनीचे व्यवस्थापक सबनीस, हातात कागदांची पिशवी. पाटणकर साहेबांना येऊन वर्षही झालं नव्हतं. वयानं माझ्या धाकट्या दिराएवढे. मोर्चा घेऊन गेलो की आमचं ऐकून घ्यायचे, चहा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘‘माझ्या हातात काही नाही.’’ अण्णा त्यांना मागे ‘रिकामे हात’ म्हणायचे.

‘‘काय अडलंय?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘हे म्हातारबा दारातून हलत नाहीत, सर,’’ धुमाळ म्हणाले. ‘‘वीणेला हात लावला तर बाहेर दंगा होईल.’’

सबनीस पुढे झाले. ‘‘सर, पावतीत स्पष्ट लिहिलंय, जागा रिकामी आणि निर्वेध. वरून सांगितलंय आजच. दुपारी कोर्ट आहे.’’

‘‘मला माहीत आहे,’’ साहेब तुटकपणे म्हणाले. मग अण्णांकडे वळले. ‘‘आजोबा, ही वीणा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात गेली तर तुम्ही बाहेर जाल?’’

अण्णांनी डोळे उघडले. ‘‘माझा पहारा संपला म्हणायचा. जाईन.’’

‘‘मग या बाईंना देऊ नका. मला द्या.’’

अण्णांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. ‘‘बूट काढा,’’ ते म्हणाले. ‘‘पट्टा चामड्याचा असेल तर तोही. हातपाय धुऊन या.’’

‘‘सर, कशाला या भानगडीत...’’ सबनीस म्हणाले.

‘‘दोन मिनिटांचं काम आहे. मी घेतो, हे बाहेर जातील, मग मी धुमाळांच्या शिपायाकडे देतो. संपलं.’’

साहेब ओसरीच्या नळावर हातपाय धुऊन आले, पॅन्ट एका हातानं सावरत. अण्णांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, वीणा त्यांच्या गळ्यात घातली, उजव्या हाताची बोटं तारांवर नेऊन ठेवली. आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. साहेब दचकले. त्यांनाही वाकावं लागलं.

‘‘नाव थांबू द्यायचं नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तार थांबली तरी चालेल एखाद्या वेळी, पण नाव नाही. इंदू आहे सोबतीला.’’ आणि शब्द दिल्याप्रमाणे ते सरळ गेटबाहेर निघून गेले.

‘‘रामकृष्णहरी,’’ साहेब म्हणाले. आवाज चोरून, सभेत प्रार्थना म्हणतात तसा. मग धुमाळांकडे बघून त्यांनी मान हलवली.

धुमाळांनी एका शिपायाला पुढे ढकललं. तो मागे सरकला. ‘‘साहेब, पट्टा आहे.’’

‘‘काढ.’’

‘‘ड्युटीवर पट्टा कसा काढू? तुम्हीच मागच्या आठवड्यात मेमो दिलाय.’’

‘‘दुसरा कोण आहे?’’

दुसऱ्यानं सांगितलं, त्याच्या घरी सुतक आहे. तिसरा म्हणाला, त्यानं सकाळी अंडी खाल्लीत. त्यातलं कितीसं खरं होतं, देव जाणे. त्यातला एक आमच्याच टेकडीचा जावई होता.

‘‘सबनीस, तुम्ही घ्या,’’ धुमाळ म्हणाले.

‘‘मी?’’ सबनीस म्हणाले. ‘‘मी सही घ्यायला आलोय, भजनाला नाही. सर, असं करू. तुम्ही उभ्या उभ्याच सही करा. एका हाताचं तर काम आहे.’’

त्यांनी पुठ्ठ्यावर कागद लावून साहेबांसमोर धरला, पेन उघडून दिलं. साहेबांनी उजवा हात तारांवरून उचलला. माझा टाळ चुकला. गेटबाहेरची माणसं जाळीला चिकटून बघत होती. कुणी ओरडत नव्हतं, ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

साहेब कागद वाचत होते. ओठ हलत होते, त्यांवर नाव होतं. मग त्यांनी नखानं एक ओळ दाखवली.

सबनीसांनी वाचली. ‘‘जागा रिकामी असून तेथे कोणताही कार्यक्रम अथवा अडथळा नाही. हो. मग?’’

साहेबांनी स्वतःकडे बोट केलं.

‘‘अहो सर, ती नुसती पद्धत असते लिहायची!’’

साहेबांनी पेन परत दिलं आणि हात तारांवर ठेवला. धुमाळ कपाळाला हात लावून म्हणाले, ‘‘आता ह्यांना सोडवायचं कुणी? बाहेरच्यातला एखादा आत घेऊ?’’

‘‘म्हणजे तोच दारात उभा राहील!’’ सबनीस ओरडले. ‘‘महिला पोलीस मागवा, ह्या बाईंना काढा आधी.’’

‘‘बाईंना काढलं तर साहेबांची वीणा घेणार कोण? तुमची कंपनी?’’

दोघं भांडत भांडत वायरलेसकडे, पोलिसांच्या जीपपर्यंत गेले. ओसरीवर आम्ही दोघंच राहिलो. दारामागे पंप घरघरत होता. ऊन ओसरीवर चढत होतं. मी टाळ धरला होता आणि नाव सांगत होते, साहेब माझ्यामागून म्हणत होते. सुरुवातीला ते प्रत्येक वेळी मागे पडायचे. हळूहळू आवाज मोकळा झाला. मोठा नव्हे, पण चोरटेपणा गेला. त्यांना सूर होता हो. मला कीर्तनं ऐकून ऐकून कळतं ते. लहानपणी कुणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेला असणार.

बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, ‘‘ताई, बोटं दुखायला लागली.’’

‘‘सवय नाही म्हणून.’’

‘‘तुम्ही घेता का?’’

माझ्या हातातला टाळ थांबला. नाव तेवढं तोंडात राहिलं.

आमच्यात असं आहे, की पहारेकऱ्यानं वीणा पुढे केली, तर समोरच्यानं नाही म्हणायचं नाही. ताप असो, घरी पाहुणे असोत, वैरी असो. माझ्या सासूबाईंनी एकदा चुलीवर दूध ठेवून वीणा घेतली होती. आणि इथे मी घेतली, की साहेब मोकळे. ते जीपशी जाणार. तिथे सही करायला ना नाव आडवं येणार, ना वीणा. मग दारात मी एकटी. मला वीणेसकट उचलायला दोन बायका पोलीस आल्या की झालं. यास्मिन अजून कोर्टात उभ्याही राहिल्या नसतील. उद्या कोपऱ्यावरच्या नळाला कुलूप.

मी कोनाड्याकडे बघितलं. विठोबा काही बोलला नाही. तो कधी बोलतो?

गेटबाहेरची माणसं जीपपाशी चाललेल्या भांडणाकडे बघत होती. मी टाळ कमरेला खोचले. ओसरीच्या नळावर गेले, हात धुतले. परत येऊन दोन्ही हात पुढे केले.

‘‘आणा,’’ मी म्हणाले.

साहेबांनी वीणेचा पट्टा मानेवरून अर्धा उचलला. माझी बोटं दांडीला लागली होती. तेवढ्यात ते थांबले.

‘‘तुम्ही घेतलीत तर मला सही करावी लागेल,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हाला कळतंय ना?’’

‘‘कळतंय.’’

‘‘तरी घेताय?’’

‘‘तुम्ही मागितलीत. मला नाही म्हणता येत नाही, साहेब.’’

ते माझ्या ओल्या हातांकडे बघत राहिले. माझ्या मनगटावरून पाणी गळत होतं. त्यांच्या कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत उतरला होता. मग त्यांनी पट्टा परत मानेवर ठेवला.

‘‘मग मी मागितलीच नाही,’’ ते म्हणाले. आणि तारांवर बोटं ठेवून त्यांनी नाव घेतलं, माझ्याआधी.

मी टाळ काढले. पहिले दोन ठोके एकमेकांवर पडलेच नाहीत.

सबनीस धावत आले. ‘‘महिला पोलीस नाहीत, मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेल्यात. सर, या बाईंना द्या ना! त्या काय नुसत्या उभ्या आहेत?’’

साहेब नाव घेत राहिले.

‘‘बाई, घ्या की वीणा! साहेब केव्हाचे उभे आहेत!’’

मी खाली मान घातली आणि नाव घेत राहिले.

‘‘बघा!’’ सबनीस धुमाळांना म्हणाले. ‘‘घेत नाहीत! ठरवून अडकवलंय साहेबांना.’’

धुमाळ माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाले, ‘‘काय हो, माळ घातलीय ना गळ्यात? वीणा मागितली तर नाही म्हणतात होय? कसल्या वारकरी तुम्ही?’’

डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण हात टाळांत होते. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग समोर कोनाड्याकडे.

ऊन ओसरीवरून उतरू लागलं तेव्हा धुमाळांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, ‘‘हो सर, हो सर’’ म्हणाले, आणि टोपी काढून काखेत घेतली. ‘‘स्थगिती,’’ ते म्हणाले. ‘‘जैसे थे. सरकारी वकिलांचाच फोन.’’

गेटबाहेर अण्णांना ते धुमाळांच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. टेकडी अशी गरजली, की पंपाचा आवाज बुडून गेला. शिपायांनी गेट उघडलं. अण्णा पुढे आले, हातपाय धुतले, आणि साहेबांच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली. पुन्हा दोघं एकमेकांच्या पाया पडले. साहेब खाली वाकले ते थोडे जास्तच वेळ.

‘‘काय साहेब,’’ अण्णा हसून म्हणाले, ‘‘म्हाताऱ्यानं बरं अडकवलं ना?’’

‘‘बरंच अडकवलंत, आजोबा,’’ साहेब म्हणाले, आणि बूट हातात घेऊन जीपकडे गेले.

गावभर तीच गोष्ट झाली. अण्णांनी मुख्याधिकाऱ्यांच्या गळ्यात वीणा घातली आणि त्यांना निघताच येईना. रात्री कीर्तनात बुवांनीही ती सांगितली. माणसं पोट धरून हसली. मीही हसले.

महिनाभरात चौकशी लागली. पाटणकर साहेबांनी जाणूनबुजून ताबा दिला नाही, आंदोलकांशी संगनमत केलं, असा ठपका. सिद्ध झाला असता तर नोकरी गेली असती. नगरपालिकेच्या सभागृहात जिल्ह्याहून आलेले चौकशी अधिकारी बसले होते. साक्षीला आम्हाला बोलावलं. साहेब दारापाशी खुर्चीवर बसले होते, एकटे. मी आत जाताना त्यांनी उठून नमस्कार केला. ‘‘जे झालं ते सांगा, ताई,’’ एवढंच म्हणाले. मला वाटतं, ते मनापासूनच म्हणाले.

‘‘तुम्ही त्या दिवशी तिथे शेवटपर्यंत होता?’’ अधिकाऱ्यांनी विचारलं.

‘‘होते.’’

‘‘फौजदारांचं म्हणणं आहे, मुख्याधिकाऱ्यांना सुटका करून घ्यायची होती, पण वीणा घ्यायला कुणी तयार नव्हतं. शिपाई ड्युटीवर होते. तुम्ही मात्र घेऊ शकत होता. बरोबर?’’

‘‘बरोबर.’’

‘‘त्यांनी तुम्हाला वीणा घ्यायला सांगितली?’’

‘‘सांगितली.’’

‘‘मग?’’

सभागृहाचं दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर अण्णा बसले होते, त्यांची साक्ष माझ्यानंतर होती. सप्ताहातली आणखी चारपाच माणसं होती. पंख्याला आवाज नव्हता. सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं.

‘‘मी नाही म्हणाले,’’ मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं. तेही वारकरी घरातले असावेत, कारण त्यांनी विचारलं, ‘‘वीणा पुढे केली तर नाही म्हणू नये, हे तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘माहीत होतं.’’

‘‘तरी नाही म्हणालात?’’

‘‘तरी नाही म्हणाले. पाणी जाणार होतं.’’

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. मी दारातून बाहेर पडले तेव्हा साहेब खुर्चीवरून उठले होते. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको अशी. ते खाली बसले.

अण्णा बाकावर होते. ज्या माणसानं मला पहिल्यांदा वीणा कशी धरायची ते दाखवलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ‘‘मला सांगितलं असतंस तर,’’ ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, ‘‘मी दुसरं काही केलं असतं. असं नव्हतं करायचं.’’ आणि काठी घेऊन साक्षीला आत गेले.

साहेबांवरचा ठपका पुसला गेला. त्यांची बदली झाली, पण नोकरी राहिली. दावा चालत राहिला आणि दोन वर्षांनी कंपनीनंच नाद सोडला. यास्मिन वकिलांनी पेढे वाटले. कोपऱ्यावरचा नळ आजही आहे. खानावळ आता माझी सून चालवते.

अण्णा गेले त्याला नऊ वर्षं झाली. पाटणकर साहेब गेल्या दिवाळीत गेले, त्यांच्या मुलीचं पत्र आलं होतं. आता हे लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

चौकशीच्या पुढच्या वर्षी सप्ताह बसला. माझा दुपारचा पहारा दुसऱ्या बाईला दिला होता. कुणी मला तसं बोललं नाही. फक्त तिसऱ्या दिवशी त्या बाईला चक्कर आली, ती वीणा कुणाला द्यावी म्हणून बघू लागली. तिच्या सगळ्यात जवळ मी होते. तिनं वीणा पुढे केली, मग मागून कुणीतरी तिचा पदर ओढला. वीणा माझ्यासमोरून पलीकडे, गवंडीकाम करणाऱ्या पोपटच्या गळ्यात गेली. त्यानं घाईघाईनं हात धुतले होते.

वीणा माझ्यापुढून जात होती तेव्हा मी वाकून नमस्कार केला. पोपट सुरात नवा होता, पहिल्यांदा त्याला नाव सापडेना. मी माझ्या जागेवरून टाळ वाजवला आणि त्याच्याआधी नाव घेतलं.